कागद की पेस्ट

“काका, बारा म्हणजे बाराच ना?”

दवाखान्यातल्या सिस्टरने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा गॅरेजचं शटर वर जात असताना, दुसऱ्यांदा जॅकवर टांगलेली आपली गाडी बघून, आणि आता टेबलावरच्या उघड्या गिअरबॉक्सवर वाकून, जणू त्यालाच विचारावं तसं.

“बारा,” पॅकिंग म्हणाला. “सव्वाबारा झाले तर चावी घेऊन मी धावत येईन.”

“थट्टा नाही हो. वर खाणीच्या वस्तीत एक आजी आहेत. दुखणं हाडांत गेलंय. दोनचं इंजेक्शन तीनला दिलं तर तो एक तास त्या ओरडत असतात. घरातली माणसं बाहेर येऊन बसतात, ऐकवत नाही म्हणून.”

पॅकिंगने मान हलवली. सिस्टर गेल्यावर त्याने घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं. गाडीचा जुना गिअरबॉक्स आतून फुटला होता, त्याच्या जागी भंगारातून आणलेला हा दुसरा बसवायचा होता. आतले दाते चांगले होते, बेअरिंग चांगली होती. शेवटचं झाकण बंद करायचं, पेटी गाडीखाली न्यायची, चढवायची, तेल भरायचं, एक फेरी मारायची. चार तास. पुरतील, पण त्यातला एकही वाया घालवून चालणार नव्हतं.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. दोन लोखंडी भागांच्या मध्ये तेल बाहेर येऊ नये म्हणून कागदाची जी पातळ पट्टी घालतात तिला गॅरेजात पॅकिंग म्हणतात. ही पट्टी तो एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने कापत आला होता. जाड तेलकट कागद झाकणावर धरायचा, लहान हातोडीने काठाकाठाने टक टक करत जायचं, की कागद बरोबर त्या आकारात तुटून हातात येतो. बोल्टची भोकंसुद्धा. बघणाऱ्याला वाटावं, कागद आपणहून सुटतोय.

समोरच्या बाजूला इंजिनं उघडणारा होता, त्याला सगळे ट्यूब म्हणत. त्याच्या वरच्या खिशात कायम पेस्टची एक ट्यूब असे. कागद नाही, काही नाही. काठावर पेस्टची बारीक रेघ ओढायची, झाकण दाबायचं, सुकलं की रबर होतं. काम झालं. दोघांचा हा वाद वीस वर्षांचा होता. ट्यूब म्हणे, कागद वाळतो, आकसतो, आणि काठावर केसाएवढा ओरखडा असला तरी तिथून तेल गळतं. पेस्ट ओरखड्यात शिरून बसते. पॅकिंग म्हणे, पेस्ट जिथे नको तिथेही शिरते. जास्तीची आत लोंबते, तुटते आणि तेलाची वाट बंद करते. शिवाय ती अशी चिकटते की पुढचा माणूस झाकण उघडताना स्क्रू ड्रायव्हर खुपसतो आणि काठाची वाट लावतो.

“म्हणजे पुढच्याच्या अकलेचा दोष माझ्या पेस्टला!” ट्यूब म्हणायचा.

“तुझ्या पेस्टमुळेच त्याला अक्कल वापरायची वेळ येते,” पॅकिंग म्हणायचा. मग चहा.

त्या सकाळीही ट्यूब हात पुसत टेबलापाशी आला. पॅकिंग काठावरचा जुना कागद पात्याने खरवडत होता. तुकडे खालच्या डब्यात पडत होते.

“याला पेस्ट लाव,” ट्यूब म्हणाला. “परक्याच्या हातची पेटी आहे. काठ कसाय कुणास ठाऊक.”

“काठ चांगलाय. बघितलाय मी.”

“नीट बघितलास?”

“अरे, मी काठ बघतो तेव्हा तो नीटच बघितलेला असतो. आणि पेस्ट लावली तर सुकणार कधी? तिला बाराला गाडी हवीये.”

ट्यूबने खांदे उडवले आणि तो आपल्या इंजिनाकडे गेला.

पॅकिंगने काठावरून पुन्हा बोट फिरवलं. उजव्या हाताची तर्जनी, पहिल्या बोल्टच्या भोकापासून सुरुवात करून सगळीकडून फिरवत परत तिथेच. गुळगुळीत लागलं. मग मधलं बोट फिरवलं. तेही गुळगुळीत. तिसऱ्यांदा फिरवायला लागला तेव्हा तो स्वतःवरच चिडला, कारण पूर्वी त्याला काठावर एकदाच बोट फिरवायला लागायचं. त्याने कागद घेतला, हातोडी घेतली आणि टक टक सुरू केली.

बाराला सात मिनिटं कमी असताना सिस्टर गाडी घेऊन गेली. खाली फरशीवर तेलाचा थेंब नव्हता. पॅकिंगने स्वतः आडवं होऊन बघितलं होतं. तिने जाताना हात केला, त्यानेही केला. मग कारण नसताना तो फाटकापर्यंत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला.

डबा उघडला तरी जेवणात लक्ष लागेना. दोन घास खाऊन त्याने डबा बंद केला. मागच्या खोलीत जाऊन शेगडीवरच्या किटलीतून उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि पेला हातात धरून दारात येऊन उभा राहिला. मनात झाकण होतं. सगळे बोल्ट एकसारखे आवळले होते. आडवे समोरासमोर, नियमाप्रमाणे. तेल बरोबर भरलं होतं. मग हे काय कुरतडतंय?

“अरे पेला ठेव!” ट्यूब ओरडला.

“काय झालं?”

“काय झालं काय? वाफ बघ त्याची. हात भाजला की नाही तुझा?”

पॅकिंगने पेला उंबऱ्यावर ठेवला आणि हात उघडला. तीन बोटांची टोकं लालबुंद झाली होती. मधल्या बोटावर पाण्याचा फोड धरायला लागला होता. त्याने त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसं बघितलं.

वर्षभर तरी झालं असेल. आधी टोकांना मुंग्या यायच्या, थंडीत हात आखडतात तशा. मग मुंग्या थांबल्या तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. त्यानंतर सगळंच गुळगुळीत लागायला लागलं होतं. नाणं, कापड, दाढीचे खुंट. वय झालं, तेलात-पेट्रोलात हात घालून कातडं जाड झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. गिअरबॉक्सवाल्याची बोटं गेली हे सांगायचं तरी कुणाला आणि कसं?

ज्या बोटाला उकळता पेला कळत नाही त्या बोटाने सकाळी काठ तपासला होता.

तो टेबलाकडे गेला आणि खालचा डबा त्याने फरशीवर पालथा केला. खरवडलेल्या जुन्या कागदाचे काळे तुकडे पसरले. गुडघ्यावर बसून तो एकेक तुकडा उजेडात धरायला लागला. ट्यूबही आला. चौथ्या की पाचव्या तुकड्याच्या मागे करड्या पेस्टचा एक वाळलेला उंचवटा होता, काडेपेटीतल्या काडीएवढा लांब, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता.

समजावून सांगायची गरज नव्हती. कुणीतरी, कधीतरी, चिकटलेलं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर खुपसला होता आणि काठाला चर पाडला होता. त्याच्यानंतरच्या माणसाने तो चर बोटाने ओळखला, त्यात पेस्ट भरली आणि वर कागद ठेवला. कागद आणि पेस्ट, दोन्ही. त्या अनोळखी माणसाला वाद घालायचा नव्हता, फक्त तेल थांबवायचं होतं. आणि आज सकाळी पॅकिंगने ती भरलेली पेस्ट खरवडून काढली आणि उघड्या चरावर नुसता कागद ठेवला होता.

“खालच्या कोपऱ्यातला तुकडा आहे हा,” पॅकिंग म्हणाला. “तेल तिथेच साठतं.”

“उभ्या गाडीला गळलं नाही ना?”

“थंड होतं. गरम झालं की पातळ होईल.”

त्याने सिस्टरला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. घाटात शिरली असणार. तेल हळूहळू गळत जाईल, पेटी कोरडी पडेल, दाते तापतील आणि चढावर कुठेतरी, किंवा त्याहून वाईट म्हणजे उतारावर, पेटी आतल्या आत आवळून धरली जाईल. मग चाकंही धरली जातील. हे त्याने तीस वर्षांत दोनदा बघितलं होतं. दुसऱ्या वेळी गाडी दरीच्या कठड्याला लागून थांबली होती.

“बाइक काढ,” तो म्हणाला.

ट्यूबने भराभर सामान गोळा केलं. तेलाचा डबा, पान्ह्यांची पिशवी, चिंध्या, घासायचा ब्रश. खिशातली ट्यूब त्याने चाचपून बघितली, मग कपाटातून नवी कोरी आणखी एक घेतली. मालकांनी केबिनमधून मान बाहेर काढून विचारलं, “कुठे निघाले दोघे?”

“ट्रायल!” ट्यूब ओरडला आणि बाइक फाटकाबाहेर पडली.

गावाबाहेरच्या रेल्वे फाटकापाशी पॅकिंगने बाइक थांबवायला लावली. गाड्या जिथे थांबतात तिथे डांबरावर सतरा प्रकारचे डाग होते. तो वाकून बघत राहिला. सात ताजे थेंब एका जागी पडले होते, मधाच्या रंगाचे.

“गाड्या काय कमी जातात इथून,” ट्यूब म्हणाला. “कुणाचंही असेल.”

पॅकिंगने एका थेंबात बोट बुडवून नाकाशी नेलं. गिअरच्या नव्या तेलाला सडक्या अंड्यासारखा एक वास असतो, इंजिनाच्या तेलाला तो नसतो. नाक अजून त्याचं होतं.

“चल,” तो म्हणाला.

घाटाच्या पायथ्याला पेट्रोल पंप होता. तिथल्या माणसाने सांगितलं, हो, पांढरे कपडे घातलेली बाई होती, घाईत होती, पाच मिनिटं थांबली असेल. ती जिथे थांबली होती तिथे तळहाताएवढा डाग पडला होता. पॅकिंग त्या डागाकडे बघत मनात गणित मांडायला लागला. इतक्या मिनिटांत इतकं, म्हणजे चढाला इतकं, म्हणजे वर पोचेपर्यंत अर्धं. अर्ध्यावर चालेल. अर्ध्याच्या खाली नाही चालणार. आणि गणित चुकलं असेल तर?

घाटात ट्यूब गाडी चालवता चालवता मागे तोंड करून बोलत होता. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते.

“तिला सांग, पेटीच खराब निघाली. भंगारातली आहे, तिचा काय भरवसा!”

पॅकिंग रस्त्यावरचे डाग शोधत होता.

“किंवा सांग, कागद फाटला. कागदाला काय तोंड आहे, तो थोडाच नाही म्हणणार?”

“समोर बघून चालव.”

“मी काय म्हणतो, बोटांचं सांगायची गरज काय? ते आपण आपल्यात—”

“ट्यूब, समोर बघ रे बाबा.”

दर वळणाला पॅकिंगला वाटत होतं, आता पलीकडे ती पांढरी गाडी आडवी दिसणार. प्रत्येक वळणाआधी तो पाय बाइकच्या दांड्यांवर घट्ट रोवत होता आणि वळणानंतर रिकामा रस्ता दिसला की श्वास सोडत होता, आणि लगेच पुढचं वळण येत होतं. एका ठिकाणी कठड्याचे दोन दगड नवे दिसले. त्याने मान फिरवली.

खाणीची वस्ती डोंगराच्या खांद्यावर होती. दगडाच्या धुळीने पांढरी पडलेली वीस-पंचवीस घरं. शेवटच्या घरापुढे सिस्टरची गाडी उभी होती. तिच्या खाली ताटाएवढा काळा डाग होता, पण गाडी उभी होती, सरळ होती आणि घरातून कुणाचाही ओरडण्याचा आवाज येत नव्हता. पॅकिंग बाइकवरून उतरला. तो तसाच गाडीच्या बॉनेटला टेकला.

सिस्टर हात पुसत बाहेर आली. दोघांना बघून ती थबकली.

“तुम्ही इथे?”

“तुमचा फोन लागेना,” ट्यूब म्हणाला. “काय आहे, भंगारातली पेटी म्हणजे—”

“सिस्टर, चूक माझी आहे,” पॅकिंग म्हणाला. “झाकणाच्या काठाला चर होता. तिथे पेस्ट भरायला हवी होती. मी नुसता कागद ठेवला. तुम्ही निघाल्यापासून तेल गळतंय.”

तिने गाडीखाली वाकून बघितलं. “शेवटच्या चढावर काहीतरी घुरघुरत होतं खरं. मी रेडिओ मोठा केला.”

ट्यूबला हसू आलं. पॅकिंगला आलं नाही.

“चर दिसला नाही का तुम्हाला?” तिने विचारलं. रागाने नाही, रुग्णाला विचारावं तसं.

“आम्ही डोळ्यांनी बघत नाही. बोटांनी बघतो.” त्याने हात पुढे केला, फोडासकट. “बोटांना कळत नाही आता. वर्ष झालं. कुणाला बोललो नव्हतो.”

ट्यूब खाली बघत पिशवीतून पान्हे काढायला लागला. एक पान्हा त्याने दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला.

“गाडीचं आधी करा,” सिस्टर म्हणाली. “मग बोटांचं बघते. मला इथून सहाला निघायचंय.”

झाकण गाडीच्या डाव्या चाकामागे होतं, त्यामुळे पेटी उतरवायची गरज नव्हती. जॅक लावला, चाक काढलं. खाली धरलेल्या पातेल्यात उरलेलं तेल आलं, आणि पॅकिंगने ते दोनदा मोजलं. अर्ध्याच्याही खाली होतं. झाकण निघालं. तेलाने भिजून मऊ झालेला त्याचा कागद एका बाजूने सोलून आला. खालच्या कोपऱ्यात, जिथे चर होता, तिथे कागदावर एक बारीक फुगीर रेघ उठली होती.

पॅकिंगने दोन्ही काठ पेट्रोलने पुसले. पुन्हा पुसले. मग तो बाजूला झाला.

“तू बघ,” तो म्हणाला.

ट्यूबने बोट फिरवलं. खालच्या कोपऱ्याशी ते अडखळलं. त्याला लपवता आलं नाही. “हे बघ, इथे नख बसतंय अख्खं,” तो पुटपुटला, आणि लगेच त्याला वाटलं की हे बोलायला नको होतं.

“दुसरा कागद कापायचा का?” त्याने विचारलं. “मी शोधतो कुठे पुठ्ठा-बिठ्ठा.”

“नको,” पॅकिंग म्हणाला. “असल्या काठाला पेस्टच हवी. नुसती पेस्ट. सकाळीच हवी होती. बारीक रेघ ओढ, भोकांच्या आतल्या बाजूने. जाड नको, आत लोंबेल.”

“वीस वर्षं मी हेच करतोय रे.”

“वीस वर्षं तू जाडच ओढतोयस.”

ट्यूबने अशी बारीक रेघ ओढली की पॅकिंगने मान डोलावली. झाकण बसलं. बोल्ट आधी नुसते बोटांनी धरले, तासाभराने पान्ह्याने आवळायचे, आणि तेल त्याच्याही दोन तासांनंतर भरायचं. त्याच्या आधी भरलं तर पेस्ट कच्ची राहते. म्हणजे आता करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पॅकिंगला नेमकं तेच जमत नव्हतं. तो गाडीभोवती फिरला. वस्तीच्या टोकापर्यंत जाऊन आला. परत येऊन त्याने झाकणाकडे बघितलं, जणू बघण्याने ते लवकर सुकणार होतं.

“काका, बसा इकडे,” सिस्टरने पायरीवरून हाक मारली. “तुम्हाला बघून मलाच चालल्यासारखं व्हायला लागलं.”

तिने तिच्या औषधांच्या पेटीतून कापसाची काडी काढली, तिचं मागचं टोक तोडून टोकदार केलं. “डोळे मिटा. कुठे टोचतंय ते सांगा.”

तो डोळे मिटून बसला. दारातून आत खाटेवर कुणाचातरी संथ श्वास ऐकू येत होता.

“सांगा.”

“तुम्ही टोचा तर खरं.”

“तिसरं बोट चाललंय काका.”

त्याने डोळे उघडले. तर्जनी आणि मधल्या बोटावर लाल ठिपके उठले होते.

“आता बूट काढा.”

“पायांना काही नाही. पाय माझे दणकट आहेत.”

“काढा.”

त्याने उजवा बूट काढला, मग मोजा. मोजा टाचेपाशी कातडीला चिकटला होता. सिस्टरने पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तिचा चेहरा बदलला. टाचेच्या पुढे, तळव्यात, लोखंडाचा एक वळलेला कीस रुतलेला होता. लोखंड तासायच्या लेथवर निघतो तसला, नखाएवढा. भोवतीचं मांस काळपट पडलं होतं.

“किती दिवस चालताय यावर?”

पॅकिंगला माहीत नव्हतं. गॅरेजमध्ये लेथ चालू झाल्याला आठ दिवस झाले होते. म्हणजे आठ दिवसही असतील.

ट्यूब लांबून बघत होता. तो उठून वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला.

सिस्टरने चिमट्याने कीस काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. हे सगळं होताना पॅकिंग तिच्या हातांकडे बघत होता. ती जखमेच्या कडेने अंगठा हलका दाबत गेली, थांबली, परत गेली. कुठे मऊ आहे, कुठे कडक आहे, हे ती न बघता ओळखत होती. त्याला ते ओळखीचं वाटलं.

“साखर तपासली कधी?”

“नाही.”

“उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात यायचं. गॅरेज नंतर. काका, तुमचा पाय आज चुकून माझ्या मांडीवर आला. नाहीतर तो कापायला टेबलावर आला असता.”

“बोटं परत येतील?”

तिने पट्टीचं टोक चिकटवलं. खोटं बोलायची तिची तयारी दिसली नाही. “आहे ते टिकवू,” ती म्हणाली.

पाच वाजता आत आजींनी पाणी मागितलं तेव्हा सिस्टर उठून गेली. साडेपाचला दोघांनी तेल भरलं, चाक चढवलं, इंजिन चालू केलं. गाडीखाली पुठ्ठा पसरून पंधरा मिनिटं दोघं दगडावर बसून त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. कोरडा. ट्यूब खिशातली ट्यूब हातात घोळवत होता. एरवी त्याने अशा वेळी वस्तीभर डांगोरा पिटला असता. आज एवढंच म्हणाला, “पेस्ट चांगली निघाली या खेपेची.”

“हात चांगला चालला,” पॅकिंग म्हणाला.

घाट उतरताना दोघं सिस्टरच्या गाडीमागे राहिले. पेट्रोल पंपापाशी ती मुद्दाम थांबली. पॅकिंगने आडवं होऊन बघितलं, चिंधी फिरवून बघितली आणि चिंधी उजेडात धरली. मग गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. ती गेली.

घरी पोचला तेव्हा अजून थोडा उजेड होता. बायको दारातच होती. त्याला लंगडताना बघून ती पुढे आली. “अहो, पायाला काय झालं?”

तो खुर्चीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. पेला, चर, घाट, पायातला कीस. ती उभी राहूनच ऐकत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली, “गेल्या महिन्यात तुम्ही शेगडीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलंत. मी बघत होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.” तिने त्याचा हात हातात घेतला आणि फोडाच्या बाजूने फुंकर घातली. ते त्याला कळलं नाही, पण दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजला साडेअकराला पोचला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला होता आणि खिशात गोळ्यांची चिठ्ठी होती. साखरेचा आकडा ऐकून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं होतं. मालकांनी विचारलं तर सांगायचं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. मालकांनी विचारलं, आणि त्याने सांगितलं. मालक बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत राहिले आणि शेवटी म्हणाले, “बघू. सध्या करतोयस ते कर.”

टेबलावर एक नवी पेटी येऊन पडली होती. मालवाहू गाडीची, मोठी. त्याने जुना कागद भिजवला, खरवडला, सगळे तुकडे एका फडक्यावर क्रमाने मांडून उलटेपालटे बघितले. काठ पेट्रोलने पुसला. हात काठाकडे गेला आणि मध्येच थांबला. गॅरेजात हवेचा पंप धडधडत होता, कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

“ट्यूब!” त्याने मोठ्याने हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “जरा बोट फिरवून दे रे.”

पत्रा ठोकणारा थांबला. दोघा-तिघांनी वळून बघितलं. ट्यूब इंजिनातून उठला, दोन्ही हात पँटीला पुसले, मग चिंधीला पुसले आणि टेबलापाशी आला.

पॅकिंगने छताला टांगलेला वायरचा दिवा ओढून खाली घेतला आणि काठावर तिरपा धरला, उजेड लोखंडावरून सरपटत जाईल असा. ट्यूबचं बोट पहिल्या भोकापासून निघालं.

“थोडा खाली घे,” ट्यूब म्हणाला.

पॅकिंगने दिवा थोडा खाली घेतला.